जुन्या गाडीचा क्लच स्लिप होतोय का? गॅरेजला चावी देण्याआधी स्वतः तपासा

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या मारुती आठशेचा क्लच पहिल्यांदा स्लिप झाला तेव्हा मला वाटलं इंजिनच बसलं. गाडीत आम्ही चौघं, डिकी भरलेली, एसी चालू, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिन नुसतं बोंबलतंय आणि काटा मात्र चाळीसवरून पस्तीस, पस्तीसवरून तीस असा खालीच येतोय, आणि मग तो जळका वास. कसंबसं वर पोचलो, गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं तर काहीच दिसेना, कारण क्लच बाहेरून दिसतच नाही, तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बंद असतो.

पुढच्या गावातल्या गॅरेजवाल्याने गाडी दहा फूट चालवली आणि सांगितलं, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, पूर्ण सेट टाकायला लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. आम्ही नाही ठेवली, हळूहळू घरी आणली. आमच्या इथले जुने मिस्त्री आले, दार उघडून खाली वाकले, क्लचचा पेडल हाताने दाबला आणि म्हणाले, "दादा, ह्याला फ्रीप्लेच नाही हो." फ्रीप्ले म्हणजे पेडल जड लागायच्या आधी तो जितका मोकळा जातो तेवढं अंतर. आठवड्यापूर्वी क्लचची केबल बदलली होती, ती बसवताना ताणून बसवलेली. त्यांनी पाना घेऊन नट चार-पाच वळसे सैल केला, बस्स. त्याच प्लेटवर गाडी पुढे जवळजवळ दीड वर्ष चालली.

तेव्हापासून कोणीही म्हणालं की माझा क्लच स्लिप होतोय, की मी आधी हेच विचारतो, फ्रीप्ले बघितला का? कारण क्लच स्लिप होणं दोन प्रकारचं असतं, एक नट फिरवून बरं होणारं आणि दुसरं गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय बरं न होणारं, आणि तुमचं कुठलं आहे हे अर्ध्या-पाऊण तासात घरच्या घरी कळतं. खाली जे सांगतोय ते मारुती ८०० धरून सांगतोय कारण ती माझ्याकडे आहे, पण केबलवाला क्लच असलेल्या कुठल्याही जुन्या छोट्या गाडीला थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

आधी आत काय होतं ते समजून घ्या

इंजिनच्या मागे फ्लायव्हील (एक जड चकती) फिरत असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिच्यावर प्रेशर प्लेट, जिच्यात मोठी गोल डायफ्राम स्प्रिंग असते. तुमचा पाय पेडलवर नसतो तेव्हा ती स्प्रिंग प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबला की केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि पकड सुटते. स्लिप होणं म्हणजे तुम्ही पेडल सोडलाय तरी पकड पूर्ण बसत नाहीये. ओल्या हाताने बरणीचं झाकण उघडायला गेलं की हात नुसता फिरतो आणि झाकण जागेवरच राहतं ना, तसं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ती बऱ्याच जणांना उलटी वाटते. लायनिंग (क्लच प्लेटवरचा पकड घेणारा थर) झिजत जातं तसतसा केबलवाल्या क्लचचा फ्रीप्ले वाढत नाही, कमी होतो. प्लेट पातळ झाली की स्प्रिंगची बोटं मागे, म्हणजे बेअरिंगच्या दिशेने येतात, आणि मधली मोकळी जागा संपत जाते. म्हणून जुन्या गाडीत क्लच 'वरती' यायला लागतो, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलते. वेळेवर नट सैल केला नाही तर एक दिवस बेअरिंग कायमच बोटांवर टेकलेलं राहतं, जणू कोणीतरी दिवसभर क्लचवर हलका पाय ठेवून बसलंय. मग पकड ढिली, त्यात घसरण, घसरणीने उष्णता, उष्णतेने झीज आणखी जोरात. एका साध्या नटाकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली प्लेट जळते, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

पायरी १ : खरंच क्लचच आहे ना?

गाडी ओढत नाही म्हणजे क्लच गेला असं नसतं. फरक कानाने कळतो. आठशेला आरपीएमचा काटाच नसतो त्यामुळे कानच वापरायचे. तुम्ही पाय दाबलाय, इंजिनचा आवाजही वाढत नाही आणि वेगही वाढत नाही, गाडी नुसती घुसमटल्यासारखी करते, तर ते पेट्रोलचं, एअर फिल्टरचं, प्लगचं, नाहीतर जाम झालेल्या ब्रेकचं काम आहे. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच. (पावसात चिखलात चाक जागच्या जागी फिरतं तेव्हाही आवाज वाढतो, पण ते लगेच कळतं.)

दुसरी गल्लत म्हणजे गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येतो, पेडल पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकते. हे स्लिप नाही, बरोबर उलटं आहे, इथे क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल सैल आहे, ताणून लांब झालीये किंवा तुटायला आलीये. कोकणात पावसाळाभर गाडी उभी ठेवली की गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते तेव्हाही असंच होतं. ह्या दोन्ही तक्रारींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत, एकाला नट कसायचा आणि दुसऱ्याला सैल करायचा, म्हणून मिस्त्रीला सांगतानाही "क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका, नक्की काय होतंय ते सांगा.

पायरी २ : फ्रीप्ले मोजा

इंजिन बंद. ड्रायव्हरचं दार उघडून खाली बसा, कपडे खराब झाले तर होऊ द्या. एक साधी शाळेची पट्टी घ्या, पेडलच्या शेजारी फ्लोअरवर उभी धरा. आता पेडल पायाने नाही, दोन बोटांनी दाबा. पायाला हे कळत नाही, बोटांना बरोबर कळतं. सुरुवातीला पेडल अगदी हलका जातो, फक्त पेडलच्या स्प्रिंगचा विरोध, आणि मग एका जागी एकदम जड लागतो. हलका ते जड यामधलं अंतर म्हणजे फ्रीप्ले. छोट्या केबलवाल्या गाड्यांना हे साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतं, म्हणजे ढोबळमानाने बोटाच्या एका पेराएवढं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो प्रमाण धरा.

पेडल पहिल्यापासूनच जड लागला, मधे काही मोकळं नाहीच, तर तुम्हाला कारण सापडलेलं असण्याची चांगली शक्यता आहे. थांबा, अजून नट फिरवू नका, आधी केबल बघा.

पायरी ३ : केबल आणि लिव्हर

बॉनेट उघडा. क्लचची केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) बाहेर येऊन गिअरबॉक्सवरच्या एका लिव्हरला जाऊन मिळते, तिच्या टोकाला आटे असतात आणि तिथे ॲडजस्टिंग नट. कोणाला तरी आत बसवून पेडल सावकाश दाबायला आणि सोडायला सांगा आणि तुम्ही लिव्हरकडे बघा. पेडल सोडल्यावर लिव्हर झटकन मागे यायला पाहिजे. रेंगाळत येत असेल, मधेच अडकत असेल, किंवा तुम्ही हाताने ढकलल्यावर उरलेला मागे जात असेल तर केबल आत गंजलीये, नाहीतर कुठेतरी दुमडून बसवलीये. अशी केबल तेल सोडून चार दिवस चालते, पण बदलाच, ती महागडी वस्तू नाही आणि रस्त्यात तुटली तर जास्त त्रास.

केबल मोकळी आहे आणि तरी फ्रीप्ले नाही, तर नट सैल करायचा. ८०० मध्ये लिव्हरच्या टोकाचा नट आत फिरवला, म्हणजे घट्ट केला, की फ्रीप्ले कमी होतो आणि बाहेर घेतला की वाढतो. एकावेळी दोन वळसे, मग परत आत जाऊन बोटांनी पेडल दाबून बघा, पट्टी धरा, परत दोन वळसे. घाईत दहा वळसे सैल केले तर गिअर पडणार नाहीत. आटे गंजलेले असतील तर आधी वायर ब्रश मारा आणि थोडं तेल सोडून पाच मिनिटं थांबा, नाहीतर केबलचं टोकच पिळलं जातं.

काही गाड्यांना नट नसतो, पेडलपाशी आपोआप ॲडजस्ट होणारी दातेरी चकती असते, तिथे हे करता येत नाही. आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, क्लच असेल तर केबलच नसते, तिथे मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकून राहतो का, पेडल सोडल्यावर पूर्ण वर येतो का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

पायरी ४ : रस्त्यावर टेस्ट

हीच टेस्ट मला सगळ्यात भरवशाची वाटते. सकाळी लवकर, मोकळा सरळ रस्ता, थोडा चढ असेल तर उत्तम. आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा कारण थंड क्लच बऱ्याचदा शहाण्यासारखा वागतो आणि गरम झाल्यावर खरं रूप दाखवतो. मागे कोणी नाही ना बघा. टॉपच्या गिअरमध्ये (पाच गिअरची गाडी असेल तर चौथ्यात) ताशी ४० च्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. चांगल्या क्लचला आवाज आणि वेग दोन्ही हळूहळू बरोबरीने वाढतात, गाडी थोडी गुरगुरते पण ओढत राहते. स्लिप होत असेल तर आवाज एकदम वर उडी मारतो, काटा तिथेच, आणि पाय थोडा सोडला की आवाज परत खाली बसतो. ही उडी एकदा ऐकली की आयुष्यभर विसरत नाही. ऐकू आली की लगेच पाय काढा, पुन्हा पुन्हा करून बघू नका, प्रत्येक वेळी लायनिंग जळतं.

वरच्याच गिअरमध्ये का, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलकी वाटते, चटकन पळते, इंजिनला जोर लावायची वेळच येत नाही. टॉपला गाडी जड, इंजिन पूर्ण जोर लावतं आणि तो सगळा जोर क्लचला पेलावा लागतो. म्हणून आजार पहिल्यांदा चढावर वरच्या गिअरमध्ये दिसतो, मग सपाटीला ओव्हरटेक करताना, मग दुसऱ्या-तिसऱ्यात आणि शेवटी गाडी जागची हलत नाही.

ओव्हरटेकची पायरी आली असेल तर कृपा करून ती गाडी हायवेला नेऊ नका. दोन पदरी रस्त्यावर एसटीला ओलांडायला बाहेर निघालात, समोरून ट्रक येतोय, आणि तुम्ही पाय दाबताय पण गाडी पुढे जातच नाही, यापेक्षा भयंकर जागा नाही.

पायरी ५ : उभ्या गाडीची टेस्ट

ही सगळे सांगतात, मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. सपाट मोकळी जागा, समोर माणूस नाही, भिंत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढा, पुढच्या चाकांना पुढून दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावा, कारण ८०० ची ओढ पुढच्या चाकांना आहे आणि हँडब्रेक मागच्या. इंजिन चालू, तिसरा किंवा चौथा गिअर टाका, अगदी थोडा रेस द्या आणि नेहमी गाडी उचलताना सोडता तसा क्लच सोडा. चांगला क्लच इंजिनला तिथल्या तिथे बंद पाडतो. क्लच पूर्ण सुटला, तुमचा पाय बाजूला, आणि इंजिन अजून चालूच आहे, तर क्लच गेला. दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका आणि एकदा केलंत की पुरे.

एक सावधगिरी सांगतो, इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच शंभर टक्के ठणठणीत असं समजू नका. सुरुवातीची स्लिप ह्या टेस्टला सापडत नाही, ती फक्त गरम गाडीला चढावरच दिसते. वापरलेली गाडी घेताना मालक ही टेस्ट करून दाखवतो तेव्हा हे लक्षात ठेवा आणि एक चढ चालवून बघाच.

पायरी ६ : वास आणि तेल

फ्रीप्ले बरोबर आहे, केबल मोकळी आहे, तरीही स्लिप, तर आता आतलंच काहीतरी आहे. प्लेट संपली किंवा तिच्यावर तेल आलं. गाडी रात्रभर एका जागी उभी करून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या जागेखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर बोटाला लावून बघा. काळं, पातळ, जळकट असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) मागचं सील. दाट, चिकट आणि नाकाला झोंबणारा गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचं) सील. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तेलात भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, लायनिंगने तेल पिलेलं असतं, गरम झालं की परत बाहेर येतं. आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही भिजणार, हे तर सांगायलाच नको. गाडी उचलताना थरथरत असेल, तर तेही तेलाचं किंवा फुटलेल्या माउंटिंगचं (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या रबराचं) लक्षण असू शकतं.

पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावर क्लच थोडा वेळ घसरतो, तो सुकल्यावर ठीक होतो. दोन दिवसांनीही घसरत असेल तर मात्र तपासा.

घाटातच स्लिप सुरू झाला तर

एसी बंद, पाय हलका, खालचा गिअर, आणि शक्य असेल तर दोघांनी उतरून चालावं. हाफ क्लचवर गाडी अजिबात धरू नका. जळका वास आला की सुरक्षित जागा बघून कडेला घ्या आणि अर्धा तास थंड होऊ द्या, पकड थोडी परत येते. उभी करताना फक्त गिअरमध्ये टाकून सोडू नका, ज्या क्लचला इंजिन धरवत नाही तो उतारावर गाडी काय धरणार, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाका, मागून रात्री बाइकवाला येतो आणि त्याला तो दिसत नाही.

सेट बदलायचाच असेल तर

गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडते, त्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. फक्त प्लेट बदलून दोन पैसे वाचवले आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं तर परत सगळं उतरवा. जमलं तर गॅरेजमध्ये थांबा, निदान जुना माल दाखवायला सांगा. प्लेटवर रिव्हेट असतात, त्यांची डोकी लायनिंगच्या आत खोल बसलेली असायला हवीत. अर्धा मिलिमीटरही खोली उरली नसेल तर प्लेट संपली, आणि डोकी घासून चमकत असतील तर त्यांनी फ्लायव्हीलला गोल चर पाडलेले असणार, नखाने चाचपून बघा, नख अडकतं. निळे-जांभळे डाग दिसले तर तिथे प्रचंड उष्णता झालीये. अशा वेळी फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्या, नाहीतर नवीन प्लेट त्या चरांवर नीट बसतच नाही. क्रँकचं सील याच वेळी बदलून टाका, छोटी वस्तू आहे आणि इथपर्यंत हात परत पोचणार नाही.

आतली काळी धूळ हवा मारून उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि गॅरेजमधला पोरगा तोंडाला काही न बांधता काम करत असेल तर त्याला स्वतःहून मास्क द्या.

नवीन सेट टाकल्यावर पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवा, जोरात उचलू नका, चढावर ओढाताण नको. सिग्नलला चढ असेल तर हाफ क्लचवर न थांबता हँडब्रेक लावायची सवय करा आणि गिअर बदलून झाला की डावा पाय पेडलवरून काढून खाली फ्लोअरवर ठेवा. पाचशे-एक किलोमीटर झाले की परत ती शाळेची पट्टी घेऊन खाली बसा आणि फ्रीप्ले मोजा, नवं लायनिंग बसताना थोडं झिजतं आणि नट एखादा वळसा सैल करायला लागतो.